निवेदनावर सही करू की नको?

पत्राचा आशय, ओळख पटेल असे तपशील वगळून:

पत्र लिहिणारी मुलगी तेवीस वर्षांची आहे. १५०० मीटर धावते आणि राष्ट्रीय संघात येण्याच्या बेतात आहे. तिच्या सरावगटातल्या एका धावपटूनं काही महिन्यांपूर्वी सगळ्यांना सांगितलं, की आपण नॉनबायनरी आहोत, म्हणजे स्वतःला बाईही मानत नाही आणि पुरुषही नाही. त्यांनी नाव बदललं, केस बारीक कापले आणि ‘मला ती म्हणू नका, ते म्हणा’ अशी विनंती केली. धावणं मात्र पूर्वीसारखं महिला गटातच सुरू आहे. त्यांचा जन्म मुलगी म्हणूनच झाला, कुठलंही हार्मोन ते घेत नाहीत, आणि गेली काही वर्षं शर्यतीत ते हिच्या पुढेच असतात. आता निवड चाचणी तोंडावर आली आहे. गटातल्या काही मुलींनी संघटनेला द्यायला एक निवेदन लिहिलं आहे: ‘जी व्यक्ती स्वतःला स्त्री मानत नाही, तिला महिला गटात धावू देऊ नये.’ त्यावर हिची सही हवी आहे. ती लिहिते, ‘सही केली तर मैत्री तुटेल. नाही केली तर महिला खेळाडूंचा विश्वासघात केला म्हणतील. मोबाइल उघडला की याच विषयावर लोक एकमेकांवर तुटून पडलेले असतात आणि मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. एक गोष्ट सांगायची लाज वाटते. ते बाहेर पडले, तर तिसरी जागा माझी आहे.’

मैत्रिणी,

तिसऱ्या जागेचा विचार मनात आला म्हणून तू वाईट ठरत नाहीस. इतकी वर्षं पहाटे उठून धावणाऱ्या मुलीच्या मनात तो येणारच. तू तो ओळखलास आणि कागदावर उतरवलास, याचं मला कौतुक वाटलं. निवेदन घेऊन फिरणाऱ्यांपैकी आणखी कुणाच्या मनात तो असेल आणि त्याला न्यायाचं नाव मिळालं असेल, तर त्यांना तो दिसणारसुद्धा नाही. त्याच्याबद्दल पुढे बोलू. आधी निवेदनातल्या त्या एका वाक्याकडे नीट बघू.

मला सांग, मागच्या मोसमात तू त्यांच्याकडून हरायचीस, तेव्हा तुला फसवलं गेल्यासारखं वाटायचं का? पत्रात तू म्हणतेस, ‘शेवटच्या तीनशे मीटरला ते निघून जातात आणि माझ्या पायात काही उरलेलं नसतं.’ हे आजचं नाही, जुनं आहे. तेव्हा तू त्यावर काय केलंस? वेगाचा सराव वाढवलास, प्रशिक्षकांशी बोललीस. तेव्हापासून आजपर्यंत त्यांचं नाव बदललं, केस बदलले, त्यांना हाक कशी मारायची ते बदललं. पाय तेच, फुप्फुसं तीच, रक्तातलं हिमोग्लोबिन तेच. मग जी शर्यत काल सरळ होती ती आज वाकडी कशी झाली?

महिलांचा गट वेगळा का ठेवतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्याच अंतराचं उदाहरण घेऊ. पुरुषांचा विक्रम हिशाम एल गेरूजचा आहे, १९९८ मधला, ३ मिनिटं २६ सेकंद. महिलांचा विक्रम फेथ किपयेगॉनचा, २०२५ मधला, ३ मिनिटं ४८.६८ सेकंद. म्हणजे जगातली आजवरची सर्वांत वेगवान स्त्री त्या शर्यतीत असती, तर एल गेरूज रेषा ओलांडताना ती जवळजवळ दीडशे मीटर मागे असती. हा फरक मेहनतीचा नाही, जिद्दीचाही नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन मुलग्यांच्या शरीरात जे घडवतं, म्हणजे उंची, हाडांची लांबी, स्नायू, हृदयाचा आकार, त्याचा आहे. हा फरक नसता तर वेगळा महिला गट काढायचं काही कारणच नव्हतं.

गट शरीरावरून पडला आहे, आणि शरीराच्या निकषावर तुझे हे नॉनबायनरी सहकारी महिला गटातच बसतात. तुमचं निवेदन मात्र निकषच बदलतं. शरीर बाजूला ठेवून ते विचारतं, ‘तू स्वतःला काय मानतेस?’ हे तपासणार कोण? उद्या एखादी धावपटू म्हणाली, ‘मला बाईपण फारसं जवळचं वाटत नाही, मी नुसती धावपटू आहे,’ तर तिलाही काढायचं? जगभर महिला खेळाच्या संरक्षणासाठी जे आवाज उठतात, त्यातले सर्वांत कडक लोकसुद्धा हेच म्हणतात, की ओळख काहीही असो, पात्रता शरीरावरून ठरवा. त्यांच्या नियमानेही तुझे सहकारी तुझ्याच शेजारच्या लेनमध्ये उभे राहतील. तुझ्यासमोरच्या निवेदनाला या वादातली कुठलीही बाजू खरं तर पाठिंबा देऊ शकत नाही.

अशी माणसं सर्वोच्च पातळीवर आधीपासून आहेत. तुझ्याच अंतराची अमेरिकेची निक्की हिल्ट्झ. त्यांनी २०२१ मध्ये आपण ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले, आणि नॉनबायनरी असल्याचं सांगितलं. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत त्यांनी महिलांची १५०० मीटर शर्यत ३ मिनिटं ५५.३३ सेकंदांत जिंकली आणि पॅरिसच्या अंतिम फेरीत त्या गटातूनच धावल्या. कॅनडाची फुटबॉलपटू क्विन २०२० मध्ये जाहीरपणे बोलली आणि पुढच्याच वर्षी टोकियोत कॅनडाच्या महिला संघाबरोबर सुवर्णपदक घेऊन आली. उघडपणे ट्रान्स आणि नॉनबायनरी असलेल्या खेळाडूचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. दोघांचाही जन्म मुलगी म्हणून झाला आणि दोघंही महिला गटातून खेळतात. या दोघांमुळे एखाद्या स्त्रीची जागा अन्यायानं गेली, असं म्हणायला शारीरिक आधार मला तरी सापडत नाही.

मग एवढा गोंधळ कशामुळे? मोबाइलवर जे भांडण तुला दिसतं, त्यात चार अगदी वेगळ्या परिस्थितीतली माणसं एकाच नावाखाली ढकललेली असतात. तुझ्या सहकाऱ्यांसारखे, मुलगी म्हणून जन्मलेले आणि हार्मोन न घेणारे नॉनबायनरी खेळाडू. ट्रान्स पुरुष, म्हणजे मुलगी म्हणून जन्मलेले आणि पुरुष म्हणून जगणारे. त्यातले जे टेस्टोस्टेरॉन घेतात त्यांना महिला गट सोडावा लागतो. ट्रान्स स्त्रिया, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि स्त्री म्हणून जगणाऱ्या. आणि चौथ्या, ज्यांच्या लैंगिक विकासात जन्मतःच काही वेगळेपण असतं अशा स्त्रिया, ज्यांना पुष्कळदा स्वतःलाच ते माहीत नसतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इमान खलिफ आणि लिन यू-तिंग या दोन बॉक्सरना जगभर ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून शिव्या पडल्या. दोघी तशा नाहीत. दोघींची जन्मनोंद मुलगी म्हणून आहे आणि त्या मुलगी म्हणूनच वाढल्या. त्यांच्या पात्रतेबद्दल दोन क्रीडासंघटनांमध्ये वाद होता, तो वेगळा. पण लाखो लोकांनी तो वाद काय आहे हे बघण्याआधीच आपापलं मत बनवलं होतं.

म्हणून कुणी तुला विचारलं, ‘तू कुठल्या बाजूची?’ तर आधी उलट विचार, ‘आपण नेमकं कुणाबद्दल बोलतोय?’ बरीचशी भांडणं या प्रश्नापाशीच थांबतात, कारण समोरच्यानंही तो स्वतःला विचारलेला नसतो.

‘दोन्हीकडचं पटतं’ असं तू लिहिलंस, ते ट्रान्स स्त्रियांच्या प्रश्नाबद्दल असणार असं मी धरते. तो प्रश्न खराच अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. अमेरिकी हवाई दलातल्या लोकांच्या शारीरिक चाचण्यांच्या नोंदींवर २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षं हार्मोन उपचार घेतल्यावर ट्रान्स स्त्रियांचे पुश-अप आणि सिट-अप इतर स्त्रियांच्या बरोबरीला आले. पण दीड मैल धावण्यात त्या तरीही १२ टक्क्यांनी वेगवान राहिल्या. इतर अभ्यासांत दिसतं, की हिमोग्लोबिन चारेक महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं, मात्र स्नायूंची ताकद वर्षभरातही थोडीच घटते. हाडांची लांबी तर बदलतच नाही. हे अभ्यास अव्वल खेळाडूंवर झालेले नाहीत आणि त्यांतली माणसं थोडी आहेत, हा आक्षेप योग्यच आहे. पण जे हाती आहे ते एका दिशेला बोट दाखवतं.

त्यावरूनच एकेका संघटनेनं नियम बदलले. २०२० मध्ये जागतिक रग्बी संघटनेनं, जून २०२२ मध्ये जागतिक जलतरण महासंघानं, मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड अॅथलेटिक्सनं, त्याच वर्षी सायकलिंग आणि क्रिकेटच्या संघटनांनी पुरुषी वयात येणं अनुभवलेल्या ट्रान्स स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला गटातून वगळलं. त्याआधी, २०२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं वेगळी भूमिका घेतली होती: कुणालाही आधीच फायदा आहे असं गृहीत धरू नका, खेळागणिक पुरावा बघा, आणि निर्णय त्या त्या महासंघानं घ्यावा. या भूमिकेचे समर्थक विचारतात, की २००४ पासून ट्रान्स खेळाडूंना ऑलिंपिकचं दार उघडं होतं, मग पदकांवर पदकं गेली का? टोकियोत वेटलिफ्टिंगमध्ये उतरलेली न्यूझीलंडची ट्रान्स स्त्री लॉरेल हबर्ड स्नॅचच्या, म्हणजे एका दमात वजन डोक्यावर उचलायच्या, तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली. हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पण एकीच्या अपयशावरून नियम ठरत नाही, जसा एकीच्या यशावरूनही ठरू नये.

मला विचारशील तर, जिथे तीन जागांसाठी आयुष्य पणाला लागतं त्या सर्वोच्च पातळीवर महिला गटाला शरीराचा निकष असावा, हे मला रास्त वाटतं. शाळेच्या मैदानावर, हौशी शर्यतीत, गल्लीतल्या सामन्यात तेवढा कडकपणा आणायचं काही कारण मला दिसत नाही. तिथे खेळायला मिळणं हेच महत्त्वाचं. माझ्याशी सहमत नसलेली विचारी माणसं दोन्हीकडे आहेत, आणि तू कुठे उभी राहशील ते तू ठरव. एवढं मात्र धरून ठेव, की आक्षेप नियमावर घ्यायचा असतो. २०२२ मध्ये लिया थॉमस ही ट्रान्स स्त्री अमेरिकेच्या विद्यापीठीय स्पर्धेत ५०० यार्ड जलतरण जिंकली, तेव्हा ती त्या वेळच्या नियमांनुसार पात्र होती. नियम चुकीचा वाटला असेल, तर नियम करणाऱ्यांना जाब विचारायला हवा होता. एका विशीतल्या मुलीच्या शरीराची चर्चा जगभरच्या पडद्यांवर झाली, ती मला आजही क्रूर वाटते.

आता थोडं मागे जाऊ या, कारण याचा तुझ्याशी थेट संबंध आहे. ‘ही खरी बाई आहे का?’ हा प्रश्न खेळात नवा नाही, आणि त्याची झळ सर्वांत जास्त बसली ती मुलगी म्हणूनच जन्मलेल्या, वाढलेल्या खेळाडूंना. मारिया होजे मार्टिनेझ-पातिन्यो ही स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू. १९८३ मध्ये तिची चाचणी झाली होती आणि स्त्री असल्याचं प्रमाणपत्र तिला मिळालं होतं. १९८५ मध्ये कोबेच्या विद्यापीठीय स्पर्धेला जाताना ते प्रमाणपत्र घरी राहिलं, म्हणून पुन्हा चाचणी झाली. या वेळी गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी, निघाली. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हतं, त्यामुळे फायदा असा काही नव्हताच. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेआधी तिला सांगण्यात आलं, की दुखापतीचं नाटक कर आणि गुपचूप बाजूला हो. ती बाजूला झाली नाही. धावली आणि जिंकली. मग बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, नोंदवलेल्या वेळा पुसल्या गेल्या, ठरलेलं लग्न मोडलं. १९८८ मध्ये तिची पात्रता परत मिळाली, पण उमेदीची वर्षं निघून गेली होती. १९९२ च्या ऑलिंपिकची पात्रता सेकंदाच्या दहा शतांशांनी हुकली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकलेल्या भारताच्या शांती सौंदरराजनचं पदक चाचणीनंतर काढून घेतलं गेलं, आणि ती बातमीही जगभर पसरली.

अटलांटाला १९९६ मध्ये ३३८७ महिला खेळाडूंची जनुकीय चाचणी झाली. आठ जणींचा निकाल वेगळा आला. तज्ज्ञांनी तपासून आठही जणींना खेळू दिलं. त्यानंतर ऑलिंपिक समितीनं सरसकट चाचणी बंद केली. आता ती परत आली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरायचं, तर एसआरवाय या, पुरुषी शरीर घडवायला सुरुवात करणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या जनुकाची चाचणी आयुष्यात एकदा द्यावी लागते, गालाच्या आतला नमुना किंवा रक्त देऊन. पातिन्योसारखं शरीर असलेल्यांना या वेळच्या नियमात सूट ठेवली आहे. तू संघात आलीस तर तुलाही ही चाचणी द्यावी लागेल, तुझ्या सहकाऱ्यांनाही, आणि निवेदन लिहिणाऱ्या मुलींनाही.

म्हणजे तुमच्या संघटनेकडे पात्रता ठरवायचा मार्ग आहे. खोलीचं दार बंद करून, डॉक्टरांसमोर, गोपनीय पद्धतीनं तो वापरता येतो. तुमचं निवेदन त्याच्या शेजारी दुसरा मार्ग उघडतं, कुजबुजीचा. केस बारीक असलेली, आवाज जाड असलेली, खांदे रुंद असलेली, लग्नाबद्दल न बोलणारी, अशा प्रत्येक मुलीकडे मग त्याच नजरेनं पाहिलं जाईल. आज त्या नजरेसमोर तुझे सहकारी आहेत. एखाद्या मोसमात तू दोन सेकंदांनी सुधारलीस, तर तूही असू शकतेस.

तेव्हा सही करू नकोस, असंच मी सांगेन. निवेदन वाईट हेतूनं लिहिलंय असं मी म्हणत नाही. ते जे मागतंय त्यानं महिला गटाचं रक्षण होत नाही, एवढंच.

नाही म्हणताना भाषण देऊ नकोस. जी मुलगी कागद घेऊन येईल तिला एकटीला गाठ, गटासमोर नको. तिला सांग, ‘महिला गट शरीरावरून ठरतो. त्यांचं शरीर तुझ्या-माझ्यासारखंच आहे. म्हणून मला हे पटत नाही.’ ती म्हणेल, ‘मग उद्या ट्रान्स स्त्री आली तर?’ त्यावर सांग, ‘त्यासाठी नियम आहे, आणि तो वेगळा प्रश्न आहे. त्यावर बोलायचं तर मी बसते.’ गद्दार वगैरे शब्द आले तर उत्तर न देता उठून जायची मुभा तुला आहे.

त्यांच्या मनात खरी काळजी असेल, तर तिला वाट करून दे. एखादीला नियमच माहीत नसतील. एखादीला वाटत असेल, की संघटना उद्या आपल्याला न विचारता काहीही ठरवेल. ही भीती अगदीच निराधार नाही, महिला खेळाडूंना न विचारता बरंच काही ठरवलं गेलं आहे. अशा मुलींसोबत तू दुसरं निवेदन लिहू शकतेस. त्यात कुणाचंही नाव नको, कुणाकडे बोट नको. मागण्या अशा: पात्रतेचे नियम आम्हाला समजतील अशा भाषेत लेखी द्या, चाचण्या गोपनीय राहतील याची हमी द्या, चाचणीचा निकाल वेगळा आल्यास त्या खेळाडूला वैद्यकीय सल्ला आणि दाद मागायची सोय द्या, आणि नियम बदलताना महिला खेळाडूंचं म्हणणं ऐका. अशा कागदावर तुझे सहकारीही सही करतील, असं मला वाटतं.

कपडे बदलायच्या खोलीचा मुद्दाही तू ओझरता लिहिला आहेस. तो निवेदनात घालू नका, प्रशिक्षकांकडे न्या. पडदा, एक बंद कप्पा, वेळा थोड्या मागेपुढे. एवढ्यानं तो बहुतेक ठिकाणी सुटतो. आणि त्याचा उपयोग तुमच्यातल्या लाजऱ्या मुलींनाही होईल, ज्या इतकी वर्षं काही न बोलता भिंतीकडे तोंड करून कपडे बदलत आल्या आहेत.

हे वाचणाऱ्या प्रशिक्षकांना एक विनंती. खेळाडूनं तुम्हाला विश्वासानं काही सांगितलं, तर ते इतरांना सांगायचा अधिकार तुमच्याकडे येत नाही. आणि असं निवेदन तुमच्या मैदानावर फिरत असेल, तर ‘मुलींचं आपसातलं आहे’ म्हणून बाजूला होऊ नका. नियम काय आहे हे सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगणं तुमचं काम आहे.

स्वतः नॉनबायनरी किंवा ट्रान्स असलेले खेळाडूही हे वाचत असतील. तुमच्यासाठी कामाची गोष्ट: टेस्टोस्टेरॉन बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे, स्पर्धेच्या काळातही आणि बाहेरही, कुठल्याही गटात. उपचार सुरू करायचा विचार असेल, तर पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांशी आणि उत्तेजकविरोधी यंत्रणेशी बोला, कारण एकदा ते सुरू झालं की महिला गटाचा रस्ता बंद होतो. हा निर्णय फार जड आहे आणि तो घ्यायला तुम्हाला कुणी घाई करू नये, ना घरच्यांनी, ना प्रशिक्षकांनी, ना पडद्यावरच्या अनोळखी लोकांनी.

‘मग त्यांच्यासाठी वेगळा गट का काढत नाहीत?’ असंही तू विचारलंस. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींनी ते केलं आहे. बॉस्टन आणि लंडन मॅरेथॉनमध्ये २०२३ पासून नॉनबायनरी गट आहे, आणि हजारोंच्या गर्दीत धावणाऱ्या हौशी माणसांना तो मोकळा श्वास देतो. सर्वोच्च पातळीवर गणित जुळत नाही. जलतरण महासंघानं २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषक स्पर्धेत खुला गट ठेवला, तर एकही नाव आलं नाही. मोजक्या माणसांचा गट, समोर प्रतिस्पर्धी नाहीत, आणि नाव दिलं की सगळ्या जगासमोर आपली ओळख उघड. कोण येईल? ऑलिंपिकमध्ये तर दोनच गट आहेत. तुझ्या सहकाऱ्यांना महिला गटातून काढलं, तर ते दुसऱ्या गटात जाणार नाहीत, खेळातूनच जातील.

आणि तिसरी जागा. ती तुला हवी आहे, हवीच असायला पाहिजे. पण त्यांच्या गच्छंतीनं मिळालेली जागा तुझ्या अंगी लागेल का, याचा विचार कर. संघात गेलीस की आंतरराष्ट्रीय शर्यतीत शेवटचे तीनशे मीटर तिथेही असतील, आणि तिथे पुढे निघून जाणाऱ्या डझनभर असतील. ज्यांच्या मागे धावून तू ते तीनशे मीटर शिकू शकतेस, ते आज रोज तुझ्याबरोबर सराव करतात. त्यांच्यासोबत शेवटच्या टप्प्याचा सराव माग. प्रशिक्षकांना सांगून आठवड्यातून एक दिवस ठरवून घे. हरलीस तर वाईट वाटेल, पण ते वाईट वाटणं तुला पचवता येईल, कारण त्यात कुठली लपवाछपवी नसेल.

राहिला तो प्रश्न, जो तू पत्रात विचारला नाहीस: त्यांना या निवेदनाबद्दल सांगायचं का? तुझ्या पत्रावरून वाटतं, त्यांना अजून माहीत नाही. सांग. दुसऱ्या कुणाकडून, आणि तेही चाचणीच्या दिवशी कळण्यापेक्षा, तुझ्याकडून आधी कळलेलं बरं. सरावाच्या आधी नको, सराव संपल्यावर, दोघंच असताना सांग. कुणी लिहिलं त्यांची नावं सांगायची गरज नाही. मजकूर काय आहे, तू सही केलेली नाहीस, आणि नियमाप्रमाणे त्यांच्या पात्रतेला धोका नाही, हे आधी सांग. शरीराबद्दल, उपचारांबद्दल, ‘तुला कधी कळलं’ याबद्दल काही विचारू नकोस. सांगायचं असेल तर ते सांगतील. त्यांना राग येईल. कदाचित तुझ्यावरही येईल, कारण त्या क्षणी समोर तूच असशील. तेव्हा लगेच स्वतःचा बचाव करू नकोस. संघटनेकडे जाताना कुणी सोबत हवं असेल तर मी येते, एवढं म्हण आणि त्यांना वेळ दे.